नटी तुझं गिऱ्हाईक नाही

पत्र :

"ताई, मी २६ वर्षांची. कराडला आमचा फोटो स्टुडिओ आहे, आजोबांनी सुरू केलेला. पासपोर्ट, लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं मी आणि बाबा मिळून करतो. पण मला नुसता 'स्टुडिओवाला' होऊन राहायचं नाही, पोर्ट्रेट करायची आहेत, मोठमोठ्या कलाकारांची. मुंबईत पाच दिवसांचं एक वर्कशॉप आहे, फी ८५ हजार. शेवटच्या दिवशी 'खऱ्या सेलिब्रिटीचं शूट' करायला मिळतं. बाबा म्हणतात, त्या पैशात थोडी भर घालू आणि फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ. सध्या माझ्याकडे क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी आणि ५० मिलिमीटर १.८ लेन्स आहे. गेल्या वर्षी साताऱ्याकडे एका मालिकेचं शूटिंग चाललं होतं, त्यातल्या नायिकेचे फोटो मी आपणहून, फुकट काढून दिले. तिने ते इन्स्टाग्रामवर टाकले, पण माझं नाव कुठेच नाही. आता त्यातलाच एक फोटो एका साडीच्या दुकानाच्या फ्लेक्सवर लागलाय. मी काय करू? आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. ती समोर उभी राहिली तेव्हा माझे हात थरथरायला लागले, तोंडातून शब्द फुटेना. चाळीस फ्रेम काढल्या, त्यातल्या तीन बऱ्या. मी मुंबईला जावं की हा नाद सोडावा?"
— कराडची एक फोटोग्राफर

उत्तर :

वर्कशॉपला जाऊ नकोस. आधी हे निकालात काढते, कारण फी भरायची तारीख जवळ आली असणार आणि 'मोजक्याच जागा शिल्लक' असे मेसेज येत असणार.

मासिकाच्या कचेरीत फोटो निवडण्याचं काम मी बरीच वर्षं केलंय. त्यामुळे असल्या वर्कशॉपांतून निघालेले पोर्टफोलिओ कसे दिसतात ते सांगू शकते. एकाच अभिनेत्रीचा, एकाच राखाडी पडद्यासमोरचा, एकाच सॉफ्टबॉक्सच्या (दिव्यावरच्या कापडी पेटीच्या) मऊ प्रकाशातला, एकाच दिवशीचा फोटो वेगवेगळ्या नावांनी टेबलावर येतो. प्रकाश शिकवणाऱ्याने लावलेला, पोझ तिला आधीच पाठ असलेली, मागे रांगेत पंधरा जण. तिथे बटण दाबण्यापलीकडे तुझं काय असतं? फोटो बघणाऱ्याला हे पहिल्या नजरेत कळतं आणि उरलेले फोटो तो जरा भरभर उलटतो. प्रकाशयोजना शिकायची असेल तर ती शिकवणाऱ्या चांगल्या जागा आहेत. मुंबईत सर जे. जे.चा उपयोजित कला विभाग आहे, उटीची लाइट अँड लाइफ अकॅडमी आहे. पण 'सेलिब्रिटी मिळेल' म्हणून पैसे घेणारा तुला काहीच शिकवत नाही, तासाभरासाठी एक चेहरा भाड्याने देतो.

तुझ्या पत्रात 'मोठमोठे कलाकार' आले, पण त्यांचे फोटो काढायचे पैसे कोण देतं हा प्रश्न एकदाही आला नाही. या धंद्याची सगळी मेख तिथेच आहे. नट किंवा नटी सहसा फोटोग्राफरची गिऱ्हाईक नसते. पैसे मासिक देतं, चित्रपटाचा निर्माता देतो, वाहिनीचा किंवा ओटीटीचा मार्केटिंग विभाग देतो, ब्रँडच्या वतीने जाहिरात एजन्सी देते, क्वचित कलाकाराची पीआर संस्था देते. कलाकाराच्या हातात असतो तो नकाराधिकार. 'अमक्याकडून नको, तमक्याकडून चालेल' एवढं ती म्हणू शकते, आणि मोठी असेल तर तिचं ऐकलं जातं. म्हणजे तुला कामावर घेणारा एक आणि तुला चालवून घेणारा दुसरा. तू आजवर फक्त दुसऱ्याच्या मागे धावलीस, तेही फुकट काम करून. पहिल्याला तुझं नावसुद्धा ठाऊक नाही.

पहिल्याला काय हवं असतं? सगळ्यात सुंदर फोटो काढणारा माणूस हवा असतो असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. त्याला खात्री हवी असते. कलाकार दोन तास उशिरा आला, मेकअपला आणखी तास गेला आणि हातात वीस मिनिटं उरली, तरी मुखपृष्ठ निघेल ही खात्री. फोटोग्राफर सेटवर चिडणार नाही, वेळेत निवड पाठवेल, रिटचिंग (फोटोची नंतरची साफसफाई) करताना बाईच्या कानामागचा तीळ पुसून टाकणार नाही. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं काम टिकलं त्यांचं गमक बहुधा इथे सापडतं. आणखी एक आतली गोष्ट. नव्या फोटोग्राफरचं नाव पुष्कळदा मेकअप करणाऱ्या, केस करणाऱ्या आणि कपडे बघणाऱ्या मंडळींकडून पुढे सरकतं. ते रोज पाच सेटवर असतात, कोण कसं वागतं ते त्यांना माहीत असतं. त्यांच्याशी माणसासारखं वागणं हा कामाचाच भाग धर.

आता गौतम राजाध्यक्ष. मराठी घरात पोर्ट्रेट हा शब्द निघाला की हे नाव येतंच, तुझ्या बाबांनीही घेतलं असेल. पण त्यांच्या फोटोंवर जेवढं बोललं जातं तेवढं त्यांच्या वर्षांच्या हिशेबावर कुणी बोलत नाही. १९५० चा जन्म, मुंबईचाच. सेंट झेवियर्समध्ये रसायनशास्त्र शिकले, तिथेच काही काळ शिकवलं. १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेत लागले, फोटो विभागात, आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८० च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ असे चेहरे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले आणि नाव होऊ लागलं. नोकरी सोडली ती १९८७ मध्ये. म्हणजे नाव होत असतानाही सुमारे सात वर्षं महिन्याचा पगार चालू होता!

हे मी काटकसरीचा धडा म्हणून सांगत नाही. त्या नोकरीत त्यांना काय मिळालं ते बघ. जाहिरात संस्थेचा फोटो विभाग म्हणजे फोटो मागवणाऱ्यांची बाजू. कुणाला कुठला फोटो का हवा, कला दिग्दर्शक कशावर अडून बसतो, छपाईत काय टिकतं आणि काय काळवंडतं, हे सगळं तिथे रोज डोळ्यांसमोर घडतं. आधी सांगितलेल्या त्या पहिल्या माणसाच्या खुर्चीत राजाध्यक्ष तेरा वर्षं बसले होते असं म्हण ना. शिवाय ते लिहायचे. लेखिका शोभा डे त्यांच्या नात्यातल्या, डे यांच्या 'सेलिब्रिटी' मासिकासाठी राजाध्यक्षांनी काम केलं. पुढे 'चंदेरी' या मराठी पाक्षिकाचं संपादन केलं, चित्रपटांच्या कथा-पटकथांवरही काम केलं. समोरच्या माणसाशी गाण्यावर, नाटकावर, स्वयंपाकावर बोलता येणारा फोटोग्राफर आणि 'मॅडम, जरा हनुवटी खाली' एवढंच बोलणारा फोटोग्राफर यांच्या फोटोंत फरक पडतोच. १९९७ साली 'फेसेस' निघालं. दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत चेहरे त्यात आहेत. कुठल्याही एका पिढीचा हा माणूस नव्हता, ही त्यातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट. म्हाताऱ्या नटीसमोर बसून तिच्या काळाबद्दल बोलायला वाचन लागतं. २०११ मध्ये ते गेले.

त्यांच्यावर एक टीका व्हायची, अजूनही होते, की त्यांच्या फोटोत सगळेच सुंदर दिसतात. टीकेत तथ्य आहे असं मला वाटतं. मऊ प्रकाश, पोत विरघळलेली त्वचा, किंचित स्वप्नाळू नजर. काही चेहऱ्यांना त्या मऊपणाने न्याय दिला, काहींच्या रेषा गिळल्या. पण तू त्यांची नक्कल करणार असशील तर निदान एवढं लक्षात घे, की तो मऊपणा फिल्मवर आणि प्रकाशातून आणलेला होता. फोनवरच्या फिल्टरने तो येत नाही, आलाच तर मेणाचा येतो.

राजाध्यक्षांच्या आधीचं एक नाव तुझ्या जास्त जवळचं आहे. फाळणीत कराचीहून आलेले जे. एच. ठक्कर. १९४८ मध्ये त्यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ थाटला. तुमच्यासारखाच रस्त्यावरचा स्टुडिओ. त्या काळच्या हिंदी सिनेमाचे कितीतरी मोठे चेहरे त्यांच्या दिव्यांखाली बसून गेले. सिनेमाच्या जवळ त्यांनी दुकान टाकलं हे खरं. तरी 'स्टुडिओवाला' हा शब्द पत्रात तू ज्या सुरात लिहिलायस तो मला आवडलेला नाही.

हात थरथरतात त्याबद्दल. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भित्रेपणाशीही याचा फारसा संबंध नाही. त्या दिवशी तुझ्या डोक्यात एकाच वेळी फार कामं चालली होती. नायिका आल्यावर तू प्रकाश शोधत होतीस, पार्श्वभूमी शोधत होतीस, शटर स्पीड बदलत होतीस आणि वर तिच्याशी बोलायचंही होतं. एवढं कुणालाच झेपत नाही.

कॅनडाचे फोटोग्राफर युसुफ कार्श यांनी काढलेला चर्चिलचा फोटो तू पाहिला असशील, कपाळाला आठ्या, एक हात कमरेवर. ब्रिटनच्या पाच पौंडांच्या नोटेवर २०१६ पासून तोच आला. हा फोटो ओटावाला, कॅनडाच्या संसद भवनात ३० डिसेंबर १९४१ रोजी निघाला. कार्श तेव्हा ३३ वर्षांचे, आर्मेनियन निर्वासित. चर्चिलच्या तोंडातला सिगार त्यांनी पुढे होऊन काढून घेतला आणि तो चिडला त्याच क्षणी बटण दाबलं, ही गोष्ट सगळे सांगतात. माझं लक्ष मात्र नेहमी दोन बाजूच्या गोष्टींकडे जातं. एक, दिवे आदल्या रात्रीच लावून, तपासून ठेवलेले होते. म्हणून चर्चिलने जेमतेम दोन मिनिटं दिली तेव्हा कार्शना फक्त माणसाकडे बघायचं उरलं होतं. दोन, कार्शना त्या खोलीत कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी नेलं होतं. चर्चिलला तर फोटो काढायचा आहे याचीही कल्पना नव्हती. पुन्हा तेच, बोलावणारा वेगळा आणि समोर उभा राहणारा वेगळा. (सिगार हिसकावण्याचा प्रयोग तू करू नकोस. तो एकदाच करायचा होता आणि करून झालाय.)

तेव्हा पुढच्या वेळी नटी यायच्या आधी बाबांना नाहीतर चुलतभावाला तिच्या जागी उभं कर. तिची उंची विचारून ठेव, तेवढ्याच उंचीचं माणूस असेल तर उत्तम. एक मुख्य दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश परतवायला थर्माकोल, कॅमेरा मॅन्युअलवर, आकडे कागदावर. ती आली की पहिले पाच फोटो टाकून द्यायचेत असं मनाशी ठरवूनच काढ. त्या वेळात ती पोझ संपवते आणि तुझा हात स्थिर होतो. तिचा कुठला कामाचा भाग तुला खरंच आवडला ते एका वाक्यात सांग, नेमकं सांग. 'मी तुमची खूप मोठी फॅन आहे' हे वाक्य तिने सकाळपासून वीसदा ऐकलेलं असतं.

आणि एक विचारते. मंगलाष्टकं संपून पाठवणीला अजून अवकाश आहे, नवरीचे पाय दुखतायत, सासूबाईंचं मानपानावरून काहीतरी चाललंय, अशा वेळी त्या मुलीला खोलीत नेऊन तू तिच्याकडून दहा मिनिटांत हसरा, मोकळा फोटो काढून घेतेस ना? मुंबईतल्या स्टुडिओत नेमकं हेच कसब लागतं. तुला ते येतं. फक्त समोरची बाई टीव्हीवर दिसते म्हटल्यावर तू ते विसरलीस.

कॅमेऱ्याचं. बाबांचं म्हणणं वर्कशॉपपेक्षा शहाणपणाचं आहे, पण त्यांनाही नाही म्हणून सांग. तुझ्याकडे क्रॉप सेन्सरची बॉडी आणि ५० मिलिमीटर १.८ लेन्स आहे असं तू लिहिलंयस. त्या बॉडीवर ५० ची लेन्स साधारण ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते, आणि पोर्ट्रेटला लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच टप्प्यात काम करत आलेत. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलं की नाक मोठं आणि कान मागे जातात, म्हणून हा टप्पा. मुखपृष्ठालासुद्धा तुझा कॅमेरा पुरतो. मुंबईत मोठ्या शूटचं सामान बहुतेक भाड्यानेच येतं, कॅमेऱ्यासकट. पैसे घालायचेच असतील तर एक चांगला दिवा, एक मोठा मॉडिफायर (दिव्याचा प्रकाश मऊ करणारं साधन) आणि रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर घे. उरलेले बँकेत ठेव. मुंबईत पहिले सहा महिने भाड्याला तेच कामी येतील.

म्हणजे मुंबईला जा म्हणते आहे का? हो, पण पोर्ट्रेट करायला नव्हे, असिस्टंट म्हणून. कुणाचं काम तुला आवडतं अशा मोजक्या फोटोग्राफरांना मेल कर. बारा-पंधरा फोटो, एकच पीडीएफ, मोठ्या लिंका नकोत. त्यात लग्नाचे फोटो घालायला लाजू नकोस, पण नवरी निवड, स्टेज नको. मेलमध्ये 'तुमच्याकडून शिकायची इच्छा आहे' असं लिहू नकोस. 'मला दिवे लावता येतात, टेदरिंग करता येतं, निवड आणि फाइलींचा बॅकअप मी नीट ठेवते, गाडी चालवते' असं लिही. (टेदरिंग म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडून काम करणं.) त्यांना विद्यार्थी नको असतो, कामाला हात हवा असतो. उत्तर आलं नाही तर सामान भाड्याने देणाऱ्यांकडे काम मिळतं का बघ. तिथला माणूस दिव्यांबरोबर सेटवर जातो आणि वर्षभरात त्याने इतक्या जणांची प्रकाशयोजना पाहिलेली असते की कुठल्याही कोर्सात तेवढी दिसणार नाही. कष्टाचं काम आहे, वजन उचलावं लागतं, बायका त्यात कमी दिसतात. म्हणून जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही.

मुलगी म्हणून दोन गोष्टी, लांबण न लावता. कॉल शीटवर, म्हणजे शूटच्या माहितीच्या कागदावर, पत्ता, वेळ आणि निर्मिती संस्थेचं नाव असल्याशिवाय शूटला जायचं नाही. 'पोर्टफोलिओ बघू या' म्हणून कुणी कुणाच्या फ्लॅटवर किंवा हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर भेट कचेरीत नाहीतर कॅफेत ठेवायची, दिवसा. खरं काम देणाऱ्याला याचं काही वाटत नाही. ज्याला वाटतं तो काम देणार नव्हता.

जाण्याआधीचं वर्ष मात्र कराडमध्येच काढ, आणि ते वाट बघण्यात घालवू नकोस. तुझ्या पोर्टफोलिओत मला एक सलग काम हवंय. सुटे पंचवीस सुंदर चेहरे कुणाच्या लक्षात राहत नाहीत, एका विषयावरचे बारा राहतात. तुझ्या गावाला लागून गोळेश्वर आहे. खाशाबा जाधव तिथले. १९५२ ला हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आलेले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते. तुमच्या भागात, कोल्हापूर-सांगलीकडे किती वस्ताद आहेत, आपल्या काळात जत्रा गाजवलेले किती म्हातारे मल्ल आहेत! त्यांचे मोडलेले कान, ते हात. हे लोक त्यांच्या जगातले तारेच आहेत, त्यांना सगळे ओळखतात आणि त्यांचा नीट फोटो कुणाकडे नाही. किंवा तमाशाच्या फडातल्या वयस्क कलावंत बायका घे. विषय तुझा तू निवड. पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी शास्त्रीय गायक-वादकांचा ध्यास घेतला, वर्षानुवर्षं घेतला, त्यांची कॅलेंडरं केली. त्या वर्तुळात आज त्यांचं नाव आदराने घेतात. हिंदी सिनेमात हाच धागा डब्बू रत्नानींनी १९९९ पासून वेगळ्या तऱ्हेने धरला. दर वर्षी स्वतःचं कॅलेंडर. बोलावणं येण्याची वाट न पाहता स्वतःच बोलावणारे झाले. ते चमकदार कॅलेंडर मला स्वतःला फारसं भुरळ घालत नाही, पण डोकं धंद्याचं आहे यात शंका नाही.

आणि दिवाळी अंक. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. त्यात लेखकांच्या, गायकांच्या, नाटकवाल्यांच्या मुलाखती असतात आणि फोटो बहुधा मुलाखतकाराच्या फोनवरचे असतात. उन्हाळा सरता सरता संपादकांना गाठ. मल्लांचे बारा फोटो दाखव आणि सांग, की सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुणाचा फोटो हवा असेल तर मी जाईन. मानधन फार मिळणार नाही, छापील नाव मिळेल. त्याहून मोठं म्हणजे एखाद्या नामवंताच्या घरी अर्धा तास बसायचं निमित्त मिळेल, कुणीतरी पाठवलेली व्यक्ती म्हणून. 'मी आपली हौसेने आले' असं म्हणून दारात उभं राहण्यापेक्षा हे किती वेगळं असतं ते पहिल्याच घरी कळेल. तुमच्याकडे मालिका चित्रित होतातच, तेव्हा निर्मिती व्यवस्थापकाला भेटून सेटवरच्या स्टिल फोटोग्राफीचं विचार. हे काम पैसे घेऊन करायचं. नायिकेला भेटायच्या आधी त्याला भेट.

आता फ्लेक्स.

यात कायदा तुझ्या बाजूने आहे, आणि तुला वाटतो त्याहून जास्त. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे फोटोचा पहिला मालक तो काढणारा. याला अपवाद आहेत. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढला तर मालक नोकरी देणारा, आणि कुणी मोबदला देऊन काढून घेतला तर, वेगळा करार नसल्यास, मालक मोबदला देणारा. तू आपणहून काढलेस, पैसे घेतले नाहीस. म्हणून ते फोटो तुझे. इन्स्टाग्रामवर टाकायला तू तिला दिलेस हे खरं, पण दुकानाच्या जाहिरातीसाठी कुणालाच दिले नाहीस. नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतो. नाव छापण्याचा मुद्दा तर ५७ व्या कलमात वेगळा आहे. ही माझी कृती आहे असं सांगण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यानंतरसुद्धा कलाकाराकडे राहतो.

हेच कलम उलट्या बाजूने वाच. लग्नाचे फोटो तू पैसे घेऊन काढतेस. करार नसेल तर ते तुझे नाहीत, त्या घरचे आहेत. तुझ्या पेजवर ज्या नवऱ्या झळकतायत त्यांच्यापैकी कितीजणींना विचारलं होतंस? आजपासून बुकिंगच्या पावतीवर दोन ओळी छापून घे : फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, आणि प्रसिद्धीसाठी वापरण्याआधी ग्राहकाची संमती घेतली जाईल. सही घे.

मुंबईत हीच गोष्ट मोठ्या रकमांची होते. तिथे कंपन्या 'सर्व हक्क, कायमचे, सर्व माध्यमांत' अशी ओळ असलेला कागद पुढे करतात. देऊ नकोस असं नाही, पण त्याची किंमत वेगळी लाव. हक्क लेखी कराराशिवाय हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. जुन्या फोटोंची किंमत काय असते ते अमेरिकन फोटोग्राफर ॲनी लिबोवित्झकडे बघून कळतं. १९८० च्या ८ डिसेंबरला तिने बीटल्सचा गायक जॉन लेनन आणि त्याची बायको योको ओनोचा तो प्रसिद्ध फोटो काढला, काही तासांनी लेननचा खून झाला. जगातली बहुधा सगळ्यात नावाजलेली पोर्ट्रेट फोटोग्राफर. तीही पुढे कर्जात बुडाली आणि २००९ मध्ये दोन कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जापायी आयुष्यभराच्या फोटोंचे हक्क गहाण असल्याची बातमी जगभर झाली. एवढी कमाई असून पैसा टिकला नाही हा त्यातला एक भाग. दुसरा भाग असा की सावकाराला तारण म्हणून घर पुरलं नाही, त्याला फोटो हवे होते.

थकलेल्या बिलांसाठी एक उपाय आत्ताच करून ठेव. स्टुडिओची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कर, फुकट आहे, ऑनलाइन होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असं २००६ चा कायदा सांगतो. निर्मिती संस्थांचं 'पुढच्या महिन्यात बघू' सुरू झालं की बिलावरचा उद्यम क्रमांक बोलायला लागतो. लगेच नाही, पण लागतो.

दुकानाला लिहिण्याआधी त्या नायिकेला एक फोन कर. भांडायला नको. फोटो दुकानाला तिने दिला की दुकानाने परस्पर उचलला एवढं विचार. परस्पर उचलला असेल तर तिचाही चेहरा फुकट वापरला गेलाय आणि ती तुझ्या बाजूने उभी राहील. तिने दिला असेल तर ती ओशाळेल, आणि तुझं नाव टाकायची विनंती करायला तीच वेळ बरी. मग फ्लेक्सचा, आजूबाजूचा रस्ता दिसेल असा फोटो काढून ठेव. रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइली, दोन ठिकाणी ठेव, पुरावा त्याच आहेत. रक्कम ठरवताना असा विचार कर, की त्या दुकानासाठी दिवसभराचं शूट केलं असतंस तर काय घेतलं असतंस. त्याहून कमी मागू नकोस.

पत्र असं पाठव, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरही :

"नमस्कार. आपल्या दुकानाच्या फ्लेक्सवरील छायाचित्र मी काढलेले असून त्याची मूळ फाइल माझ्याकडे आहे. जाहिरातीत वापरण्यासाठी माझी परवानगी घेतलेली नाही. आपणास हे छायाचित्र वापरायचे असल्यास सहा महिन्यांसाठी, सातारा जिल्ह्यातील फ्लेक्स व दुकानाचे सोशल मीडिया एवढ्यापुरते वापरशुल्क सोबतच्या बिलाप्रमाणे राहील आणि छायाचित्रासोबत माझे नाव द्यावे. वापरायचे नसल्यास हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत फ्लेक्स उतरवावा व आजवरच्या वापराचे शुल्क द्यावे."

सूर एवढाच. 'अन्याय', 'कलाकाराची कदर' वगैरे काही घालू नकोस. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर वकिलाकडून नोटीस पाठव. तेवढ्यावर बहुतेक दुकानदार फोन करतात, आणि फोनवर 'तुम्ही आपल्याच गावच्या' असं सुरू होतं. तेव्हा हसून बोल, चहाला बोलावलं तर जा, आणि दिवाळीच्या जाहिरातीचं शूट माग. पैसे देऊन कलाकार आणणारा माणूस तुझ्याच बाजारपेठेत बसलाय.